रविवर्म्यांच्या वतीने एक कैफियत

राजा रविवर्मा हे व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील एक चलतीचे दरबारी व्यक्तिचित्रकार होते, राजेरजवाडे आणि लाटसाहेब यांना समोर बसवून त्यांच्या जरीकाठांची आणि मोत्यांच्या सरांची हुबेहूब नक्कल उतरवण्यापलीकडे त्यांची मजल नव्हती, आणि हीच दिवाणखानी दृष्टी त्यांनी पुढे सीता, शकुंतला, दमयंती यांच्यावर लादून आमच्या पुराणकथांना नाटकी तसबिरींची कळा आणली, असे एक आरोपपत्र गेली शंभराहून अधिक वर्षे या चित्रकारावर दाखल आहे. दर पिढीत त्याला नवा फिर्यादी मिळतो. कलमे मात्र तीच राहतात. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आमच्या उपनगरांत ज्या व्याख्यानमाला आणि कलास्वादाचे वर्ग चालतात, त्यांतही हे आरोपपत्र आता शाबीत झालेल्या गुन्ह्यासारखे वाचून दाखवले जाते, आणि ज्यांच्या आजीच्या देव्हाऱ्यात रविवर्म्यांची लक्ष्मी होती ते श्रोते अपराधी मुद्रेने माना डोलावतात. मला हा निवाडा मान्य नाही. समोरच्या माणसाकडे, त्याच्या वयाकडे, थकव्याकडे, अंगावरच्या वस्त्राच्या चुणीकडे तासन्‌तास निरखून पाहण्याची जी सवय व्यक्तिचित्रकाराला धंद्याने लागते, ती सवय रविवर्म्यांच्या पुराणचित्रांचे मर्म आहे; ती वजा केली असती तर त्यांच्या घाटकोपरच्या छापखान्यातून निघालेली चित्रे कोणी घरात लावली नसती, असे माझे मत आहे आणि ते मी येथे आधारानिशी मांडणार आहे.

पहिले कलम दरबारीपणाचे. पैसे घेऊन श्रीमंतांची चित्रे काढणारा तो कलावंत कसला, तो तर रंगांचा कारकून, असा त्याचा आशय. चित्रकलेचा इतिहास ज्याने वरवर चाळला असेल त्यालाही हे कलम टिकणारे नाही हे कळावे, कारण टिशियन आणि वेलाझ्केझ हे दोघेही बादशहा-राजांच्या आश्रयाने वाढले, आणि आपल्याकडे अकबराने आपल्या दरबारातील मानकऱ्यांची व्यक्तिचित्रे काढवून घेतली होती हे आईन-इ-अकबरीत नमूद आहे. पण इतके दूर जाण्याचे कारण नाही. पेशवाईच्या उतरत्या काळात जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉटिश व्यक्तिचित्रकार रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुणे दरबारात वावरला, त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे रंगवली, आणि पुढे कान्हेरीच्या लेण्यांची रेखाटने करण्याच्या उद्योगात असताना 1795 साली तो याच साष्टी बेटात मरण पावला. नानांचा तो कृश, सावध, डोळ्यांत सगळे दफ्तर साठवलेला चेहरा आज शाळकरी मुलालाही ओळखता येतो तो या मोबदला घेऊन काम करणाऱ्या परदेशी माणसामुळे. बखरकारांनी नानांच्या अकलेचे पोवाडे पुष्कळ गायिले. चेहरा मात्र कोणीही नोंदवून ठेवला नाही. दरबारी चित्रकाराची निंदा करण्याआधी या एका ऋणाचा तरी हिशेब मराठी माणसाने करावा.

व्यक्तिचित्रणाचा पेशा बाहेरून जितका मिंधा दिसतो तितका तो आतून नसतो. बसणाऱ्याला आपण जसे असावेसे वाटते तसे दिसायचे असते. चित्रकाराला तो जसा आहे तसा दिसत असतो. आणि या दोन इच्छांच्या ओढाताणीत, एका बैठकीमागून दुसरी बैठक उलटत असता, पहिल्या घटकेला ताठ असलेली मान हळूहळू सैल पडते, ओठांवरचा आव ओसरतो, आणि तेव्हा जे काही क्षणमात्र उघडे पडते ते टिपायचे की झाकायचे याचा निर्णय चित्रकाराला करावा लागतो. सामान्य चित्रकार झाकतो. असामान्य चित्रकार झाकल्याचा देखावा करून टिपतो. ज्या विंटरहाल्टरने व्हिक्टोरिया राणीचे सारे कुटुंब रंगवले त्याला त्याच्या हयातीतच शिंप्याच्या दुकानातला चित्रकार ठरवणारे समीक्षक होते, आणि रविवर्म्यांहून आठ वर्षांनी धाकटा असलेला सार्जंट लंडनच्या धनिकवर्गाचा लाडका झाल्यामुळेच त्याच्या मृत्यूनंतर रॉजर फ्रायसारख्यांनी त्याला मोडीत काढले. आज त्याच सार्जंटपुढे लोक रांगा लावून उभे राहतात. या धंद्याच्या नशिबीच हा अपमान असतो, आणि तो अपमान करणाऱ्याने बहुधा चित्रापेक्षा चित्रात बसलेल्याच्या संपत्तीकडेच अधिक पाहिलेले असते.

रविवर्मा या धंद्यात आयते उतरले नाहीत. किळिमानूरच्या राजघराण्याशी निगडित कुळात 29 एप्रिल 1848 रोजी जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी त्रावणकोरच्या दरबारात आला, तेव्हा तैलरंगांची विद्या दरबारच्या चित्रकाराने त्याला शिकवण्याचे नाकारले. आणि 1868 साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार महाराजांचे चित्र रंगवण्यासाठी त्रिवेंद्रमला आला तेव्हा त्यानेही शिकवले नाही, केवळ काम करताना पाहू दिले. रंग कसे कालवले जातात, एक थर वाळण्याआधी दुसरा कसा दिला जातो, हे त्या तरुणाने दुरून पाहून, घरी जाऊन, चुकत-माकत आत्मसात केले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, 1873 साली, केस माळणाऱ्या नायर स्त्रीच्या त्याच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले आणि व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही पारितोषिक मिळाले. ज्यांना हा सारा प्रकार साहेबाच्या कृपेचा वाटतो त्यांनी हे ध्यानी घ्यावे की साहेबाने या माणसाला एक अक्षरही शिकवले नव्हते. विद्या चोरून घेणाऱ्या एकलव्याच्या अंगठ्याबद्दल हळहळणारे आपण, तशाच रीतीने विद्या मिळवलेल्या या माणसाला परकीयांचा अनुयायी म्हणतो, ही विसंगती मला खरोखर खुपते.

पुढची कीर्ती सर्वश्रुत आहे. मद्रासचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम याने शकुंतलेच्या पत्रलेखनाचे चित्र विकत घेतले आणि स्वतःही त्यांच्यापुढे बसला. 1881 साली सयाजीराव गायकवाडांच्या अधिकारग्रहणाच्या निमित्ताने रविवर्मा बडोद्यास गेले. म्हैसूरचे दरबार झाले, मग उदेपूर झाले. या काळातली त्यांची सारीच व्यक्तिचित्रे थोर आहेत असे मी म्हणणार नाही. पुरुषांची, विशेषतः गणवेशातल्या आणि बिल्ले लावलेल्या पुरुषांची, त्यांची कितीतरी चित्रे लाकडी आहेत. तलवारीची मूठ जितक्या प्रेमाने रंगवली तितक्या प्रेमाने तिच्यावरचा हात रंगवलेला नाही, पाय जमिनीवर टेकलेले वाटत नाहीत, आणि मागचा खांब नि पडदा युरोपातल्या छायाचित्रकाराच्या दुकानातून उचलल्यासारखे दिसतात. दिवंगत माणसांची चित्रे फोटोवरून काढण्याची कामेही त्यांनी घेतली आणि ती निर्जीव उतरली. फिर्यादी पक्षाने पुराव्यादाखल ही चित्रे पुढे केली तर मी हरकत घेणार नाही. पण कोणत्याही कलावंताचा निकाल त्याच्या थकलेल्या दिवसांवरून लावावयाचा नसतो. आणि 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला त्यांनी जी दहा चित्रे पाठवली त्यांत कोणीही राजा नव्हता, कोणीही गव्हर्नर नव्हता. त्यांतल्या एका चित्रात त्यांची थोरली मुलगी लहानग्या मुलाला कडेवर घेऊन दारात उभी आहे, पायाशी कुत्रा आहे, आणि चौकटीबाहेरून येणाऱ्या बापाकडे मुलाचे लक्ष वेधले जात आहे. दरबाराने मागवलेली ही बैठक नव्हती. दरबारात कमावलेली नजर घरी आणली म्हणजे काय होते ते येथे पाहावे.

आता दुसरे कलम, जे मला अधिक गंभीर वाटते, कारण ते मांडणारी माणसे थोर होती. रविवर्मा 2 ऑक्टोबर 1906 रोजी निवर्तले, आणि त्यांच्या चितेची राख निवते न निवते तोच, 1907 साली, आनंद कुमारस्वामी यांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’मधून त्यांच्या कलेवर नाटकीपणाचा, कल्पनाशून्यतेचा आणि पवित्र विषयांच्या बाबतीत भारतीय भावाच्या अभावाचा ठपका ठेवला. हॅवेल आणि भगिनी निवेदिता यांचाही कल त्याच बाजूचा. निवेदितांना तर जमिनीवर पालथी पडून कमलपत्रावर पत्र लिहिणारी शकुंतला मर्यादाहीन वाटली. या तिघांनी भारताच्या प्राचीन कलेसाठी जे केले त्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे; अजिंठ्याकडे आणि मोगल लघुचित्रांकडे आपले डोळे वळवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु प्राचीनाचे समर्थन करताना त्यांनी भारतीयत्वाची जी व्याख्या केली ती मला अमान्य आहे. त्यांच्या मते भारतीय कला म्हणजे ध्यानातून उगवणारी, देहाला गौण मानणारी, व्यक्तीला विसरून भावाला आळवणारी कला. मग मथुरेच्या यक्षी कोठे ठेवायच्या? कार्ल्याच्या चैत्याच्या दारातली ती भरल्या अंगाची, परस्परांच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली दांपत्ये, जी आपल्यापासून फार दूर नाहीत, ती कोणत्या ध्यानातून उगवली? आणि पालथी पडून पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेची लाज जर भगिनी निवेदितांना वाटली, तर ती लाज कण्वाच्या आश्रमातली होती की त्या ज्या देशात वाढल्या त्या देशातल्या दिवाणखान्यातली होती, हा प्रश्न विचारण्यात अनादर आहे असे मला वाटत नाही. शकुंतलेने नखांनी कमलपत्रावर अक्षरे कोरावी हे कालिदासाने सांगितले. विरहाने अंग टाकलेली मुलगी ती कशी कोरील हे रविवर्म्यांनी पाहिले.

नाटकीपणाच्या आरोपाचा विचार आणखी एका चित्रावर करू, कारण ते चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिलेले आहे. दुष्यंताला वळून पाहता यावे म्हणून शकुंतला पायात काटा मोडल्याचे निमित्त करते, हा तो प्रसंग. चित्रात एका हाताने तिने सखीच्या खांद्याचा आधार घेतला आहे, दुसरा हात उचललेल्या पावलाकडे गेला आहे, आणि मान मात्र उलट दिशेला वळली आहे. हात खोटे काम करीत आहेत आणि डोळे खरे. या ढोंगात शरीराचा तोल कसा जातो, भार एका पायावर आला की कंबर कशी मुरडते, वस्त्राचा घोळ कोणत्या बाजूला ओढला जातो, सखीच्या खांद्यावर हाताचे ओझे खरोखर पडले आहे की नाही, हे सगळे तेथे दाखवले आहे. आणि जी मुलगी बहाणा करीत आहे ती बहाणा करीत आहे हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, पण सखीला कळता कामा नये, असा दुहेरी अभिनय एका स्थिर आकृतीकडून करवून घेतला आहे. ही नाटकाची कला आहे यात शंका नाही. पण मूळ प्रसंगच नाटकाचा आहे! कालिदासाने जे रंगभूमीसाठी लिहिले ते रंगभूमीच्या भाषेत रंगवले म्हणून चित्रकाराला दोष देणारे टीकाकार अखेर कालिदासालाही दोष देतील. आणि मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्याने आयुष्यभर खोटा आव आणून बसलेली माणसे समोर बसवली आणि त्या आवाच्या फटीतून खरा माणूस डोकावताना पाहिला, त्यालाच हे चित्र सुचू शकत होते.

देवता म्हणजे सजवलेल्या गृहिणी, हाही त्याच कलमाचा पोटभाग. बडोद्याच्या महाराजांनी 1888 साली रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा चित्रांची मागणी केली आणि त्यासाठी पन्नास हजार रुपये मोबदला ठरला, तेव्हा रविवर्म्यांपुढे उभा राहिलेला पेच आज आपल्याला जाणवतही नाही, कारण तो त्यांनी सोडवून टाकला आहे. द्रौपदीने नेसावे काय? तंजावरच्या चित्रांतली देवी तंजावरची होती, जयपूरची जयपूरची होती, आणि साऱ्या देशाला आपली वाटेल अशी नायिका कोणत्याच परंपरेत नव्हती. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन ते उत्तर हिंदुस्थानात हिंडले, पेहराव पाहिले, चेहरे पाहिले, आणि अखेर त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर आली ती आपल्याकडची, काठापदराची महाराष्ट्रीय धर्तीची साडी. हा निर्णय मलबारच्या माणसाने केला आहे हे विशेष. स्वतःच्या प्रांताचा अभिमान बाजूला ठेवून, दक्षिण आणि उत्तर या दोहोंच्या सीमेवर उभ्या असलेल्या एका प्रदेशाचे वस्त्र त्यांनी निवडले, आणि त्या वस्त्रातल्या बायका मुंबईच्या रस्त्यांत, गिरगावच्या चाळींत, गाण्याच्या बैठकींत त्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. देवीला माणसाचा चेहरा दिला हा गुन्हा असेल तर पंढरपूरच्या विठ्ठलाला लेकुरवाळा करणाऱ्या आमच्या संतांवरही फिर्याद गुदरावी लागेल.

परंतु टीकाकारांचा सर्वांत जास्त रोष आहे तो छापखान्यावर, आणि तेथेच माझाही जीव अधिक गुंतलेला आहे, कारण तो मामला आमच्या घाटकोपरचा आहे. चित्रांच्या छापील प्रती काढण्याची सूचना कोणा व्यापाऱ्याने पहिल्याने केली असा समज आहे. वस्तुतः ती केली सर टी. माधवरावांनी, जे तंजावरच्या मराठी कुळातले, त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण. दोन हातांनी किती लोकांची मागणी पुरवाल, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या प्रती काढवा, त्यात देशाचीही सेवा आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी 1884 साली लिहिले. रविवर्म्यांनी दहा वर्षांनी त्याही पुढचे पाऊल टाकले: चित्रे युरोपात पाठवण्याऐवजी यंत्रे आणि कारागीर जर्मनीतून इकडे आणले, गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत 1894 साली मुंबईत छापखाना काढला, आणि घाटकोपरला, जे त्या काळी मुंबई नगरपालिकेच्या हद्दीबाहेरचे साष्टीतले एक गाव होते, तो चालवला. पहिली प्रत निघाली ती शकुंतलेच्या जन्माच्या चित्राची.

त्या कामाचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही तेच त्याला बाजारू म्हणू शकतात. शिळाछापाचा दगड साधा नसतो. बव्हेरियातल्या खाणींतून येणारा तो बारीक पोताचा चुनखडीचा दगड, वाळूने घासून आरशासारखा सपाट करावा लागतो. त्यावर तेलकट शाईने चित्र उलटे काढायचे, मग डिंक आणि सौम्य आम्ल यांचा हात फिरवायचा, म्हणजे जेथे रेघ आहे तेथे शाई धरते आणि जेथे कोरे आहे तेथे पाणी. हा झाला एक दगड, म्हणजे एकच रंग. लक्ष्मीच्या गालावरची गुलाबी झाक, मानेखालची करडी सावली, साडीचा तांबडा आणि त्या तांबड्याच्या चुणीतला गडद तांबडा, या प्रत्येकासाठी निराळा दगड; मूळ तैलचित्राकडे पाहून, त्यातले रंग मनात सुटे करून, कारागिराने ठिपक्या-ठिपक्यांनी ते एकेका दगडावर उतरवायचे; आणि मग तोच कागद एकामागून एक या सर्व दगडांवरून असा न्यायचा की केसभरही सरकता कामा नये, नाहीतर देवीच्या डोळ्यांतली बाहुली गालावर येते. शेवटी रोगणाचा हात, की झाला ओलिओग्राफ. साधारण वीस इंच लांब आणि चौदा इंच रुंद अशा त्या एका तसबिरीमागे इतक्या हातांचे इतके दिवस खर्ची पडलेले असत, आणि तरी ती अशा किमतीला विकली जाई की चाळीतल्या कुटुंबाला घेता यावी.

ती कोणी घेतली हा मुद्दा कलासमीक्षेच्या बाहेरचा मानला जातो. मी तो मानीत नाही. त्या काळी या देशात असंख्य माणसांना देवळाच्या पायरीशी अडवले जात होते, आणि ज्यांना अडवले जात नव्हते त्यांनाही गाभाऱ्यातल्या अंधारात, फुलांच्या राशीखाली, दिव्याच्या धुरात देवीचा मुखवटा क्षणभर दिसे इतकेच. छापील तसबिरीला पुजारी लागत नाही, सोवळे लागत नाही, वतन लागत नाही. राजाच्या भिंतीवर जे होते ते गिरणीकामगाराच्या भिंतीवर गेले, आणि ते जाताना त्याने चेहरा टाकला नाही. समोरून आपल्याकडे पाहणारी, ओळखीची वाटणारी, कोणाच्या तरी मावशीसारखी दिसणारी ती देवी त्याच्याही घरात तशीच उभी राहिली. व्यक्तिचित्रकाराच्या दृष्टीचा याहून मोठा विस्तार मला दुसरा माहीत नाही.

या छापखान्याने लोकांची अभिरुची बिघडवली असे म्हणणाऱ्यांनी सनावळी तपासावी. पुण्याची चित्रशाळा 1878 साली निघाली होती आणि देवादिकांची रंगीत शिळाछाप चित्रे तेथून रविवर्म्यांच्या कितीतरी आधी घरोघर जात होती; कलकत्त्यातही तोच उद्योग चालू होता. मुंबईत 1896 साली प्लेग आला, माणसे शहर सोडून पळाली, आणि 1899 साली छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवावा लागला. धंदा तोट्यात गेला, कर्ज झाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकण्याची पाळी आली. पुढच्या काळात दगड झिजत गेले, रंग भडक होत गेले, इतर छापखान्यांनी नकलांच्या नकला काढल्या, कापडाच्या ताग्यांवरच्या तिकिटांवर आणि दिनदर्शिकांवर त्याच देवता आल्या. आज ज्या तसबिरी जुन्या बाजारात रविवर्म्यांच्या म्हणून दाखवून नावे ठेवली जातात त्यांतल्या पुष्कळांवर त्यांचा हात तर सोडाच, नजरही पडलेली नाही. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून मिळवलेला पैसा या माणसाने अशा उद्योगात घातला आणि गमावला, हे त्याला धनलोभी म्हणणाऱ्यांनी जमाखर्चात कोठे मांडले आहे? आणि त्याच छापखान्यासाठी काही काळ काम केलेले दादासाहेब फाळके पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आले, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देता येणार नाही, कारण देवाला माणसाच्या शरीरात चालता-बोलता दाखवण्याचे धैर्य ज्या प्रेक्षकाने स्वीकारले त्या प्रेक्षकाचे डोळे या तसबिरींनी आधी तयार केले होते.

अलीकडच्या टीकेत एक नवे कलम आले आहे आणि त्याला मी टाळणार नाही. रविवर्म्यांच्या नायिका बहुतेक गौरवर्णी आणि कुलीन आहेत, सौंदर्याचा एक उच्चवर्णीय साचा त्यांनी देशभर पसरवला, आणि सावळ्या, राबणाऱ्या स्त्रीला त्या साच्यात जागा उरली नाही, असे हे कलम आहे. हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. द्रौपदीला व्यासांनी कृष्णा म्हटले. चित्रात ती तशी नाही. ज्याने चेहरे पाहण्यात आयुष्य वेचले त्याने या बाबतीत आपल्या गिऱ्हाइकांच्या आवडीपुढे मान तुकवली, आणि ती तुकवल्याची किंमत पुढच्या कित्येक पिढ्यांतल्या मुलींनी मोजली आहे. पण ज्या हाताने हे केले त्याच हाताने 1889 साली, निरनिराळ्या प्रांतांच्या आणि धर्मांच्या अकरा वादक-गायक स्त्रियांना एका चित्रात शेजारी-शेजारी बसवले, ज्या काळी प्रतिष्ठित घरांतून त्यांच्यापैकी कित्येकींना उंबरठ्याच्या आत घेतले गेले नसते त्या काळी. आणि त्या प्रत्येकीला वेगळी मान, वेगळा थकवा दिला. दोन्ही गोष्टी त्यांच्या खात्यावर लिहाव्या. मी दुसरी पुसू देणार नाही, पहिलीही पुसणार नाही.

मुंबईच्या व्यक्तिचित्रकारांची जी परंपरा पुढे दिसते, पेस्तनजी बोमनजी, पिठावाला, गोव्याहून आलेले त्रिंदाद, त्यांच्यापैकी कोणाकडेही पाहताना हाच दरबारीपणाचा शेरा आडवा येतो, आणि त्यामुळे एका साऱ्या कलाशाखेकडे आपण पाठ फिरवून बसलो आहोत. मळवलीचा छापखाना 1972 साली आगीत जळाला. दगड गेले, मूळ नमुने गेले. त्यामुळे शिळाछापाचा पुरावा आता तुकड्या-तुकड्यांत उरला आहे. तैलचित्रे मात्र शिल्लक आहेत. 1979 पासून ती देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. माझी फिर्यादी पक्षाला एवढीच विनंती आहे, की केवळ पुस्तकातल्या टीचभर प्रतिकृती पाहून हा खटला चालवू नये. बडोद्याच्या गाड्या बोरिवलीला थांबतात. सकाळी बसलेला माणूस दुपारपर्यंत महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पोहोचतो. तेथे आधी गायकवाड घराण्याची व्यक्तिचित्रे पाहावी, महाराणी चिमणाबाईंच्या चित्रापुढे घटकाभर थांबावे, मग त्याच संग्रहातल्या शंतनू आणि मत्स्यगंधेकडे जावे, आणि मत्स्यगंधेचे तोंड ज्या रीतीने राजापासून वळले आहे ते समोर बसलेल्या हाडामांसाच्या स्त्रीकडे न पाहता कोणाला रंगवता आले असते, याचे उत्तर लेखी द्यावे. मी ते छापून आणण्याची जबाबदारी घेतो.